सोयाबीन सावली कशी ओळखते

ऑगस्टमध्ये वाशिम जिल्ह्यात झड लागली की आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. रिसोड-मालेगावपासून कारंजा-मानोऱ्यापर्यंतच्या काळ्या रानात सोयाबीन तेव्हा कमरेला लागलेले असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला पीक जोरात आहे असे वाटते. धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी मात्र मान हलवतो आणि म्हणतो, "माजलं." मग वाकून तो दोन तासांमधली झाडे हाताने बाजूला सारतो. आत खोड बारीक, दोन पेरांमधले अंतर वाजवीपेक्षा जास्त, खालची पाने पिवळी पडून गळालेली. जिथे शेंगांचे घोस लागायला हवेत तिथे दोन-चार चपट्या शेंगा. सप्टेंबरात वाऱ्यासकट एक मोठा पाऊस आला की हे सगळे लोळणार, हे त्याला दिसत असते.

दुसरी गोष्टही इथे लहानथोरांना ठाऊक आहे. पाऊस लांबला आणि पेरणी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यावर गेली, तर जमीन तीच, बियाणे तेच, खत तेच असूनही झाड नीट वाढण्याआधीच फुलावर येते. त्याच शेतातली तूर तर त्याहून हट्टी. ती जूनमध्ये पेरा नाहीतर जुलैच्या मध्यावर पेरा, फुलणार दसरा-दिवाळीच्या आगेमागेच.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. आज त्याच्या खरिपाच्या सुमारे चार लाख हेक्टरांपैकी तीन लाखांच्या आसपास क्षेत्रावर एकटे सोयाबीन असते. म्हणजे इथल्या घराघरांतले लग्न, शाळेची फी, बँकेचा हप्ता या एका झाडाच्या पानांवर अवलंबून आहे. ते पान उजेडाचे काय करते आणि उजेड कमी पडला की काय करते, हे म्हणूनच नीट समजून घेण्यासारखे आहे. उजेड किती तास मिळाला, तो कोणत्या रंगाचा होता आणि ऊन जाऊन सावली आली तेव्हा पानाचे काय झाले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते सुटायला शंभर वर्षे लागली. आणि तिन्ही वेळा प्रयोगात सोयाबीन होते.

पहिली गोष्ट अमेरिकेतली, पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातली. वॉशिंग्टन शहरासमोर, पोटोमॅक नदीच्या पलीकडे, आर्लिंग्टन येथे अमेरिकी कृषी खात्याचे प्रयोगक्षेत्र होते. (पुढे ती जमीन लष्कराकडे गेली, पेंटागॉनची इमारत आज त्याच परिसरात आहे.) तिथे वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलार्ड हे दोघे तंबाखूवर काम करत होते. मेरीलँडच्या शेतांत तंबाखूचे एक राक्षसी झाड निघाले होते. त्याला लोकांनी मेरीलँड मॅमथ असे नाव दिले. माणसाच्या दुप्पट उंची, शंभराच्या घरात पाने. व्यापाऱ्याला आणखी काय हवे? अडचण एकच होती, हे झाड फुलतच नसे. उन्हाळाभर वाढत राही आणि पहिल्या हिमाने मरून जाई. बी हवे असेल तर झाड उकरून काचघरात न्यावे लागे. तिथे मात्र ऐन हिवाळ्यात, डिसेंबरच्या सुमारास, ते निमूटपणे फुले.

दुसरे कोडे सोयाबीनचे. बिलॉक्सी नावाचे एक वाण होते, मिसिसिपी राज्यातल्या समुद्रकाठच्या गावाचे नाव मिळालेले. त्यांनी ते मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत टप्प्याटप्प्याने पेरले. काढणी लांबवत न्यावी हा हेतू होता. पण सगळी झाडे सप्टेंबरातच फुलू लागली. मेमध्ये उगवलेल्या झाडाला फुलायला चार महिने लागले आणि ऑगस्टच्या आरंभी उगवलेल्याला दोनच. जणू वयाशी त्यांना काही कर्तव्यच नव्हते. वाशिमची तूर जे करते तेच बिलॉक्सीने केले होते. फरक एवढाच की तिथे दोन माणसे वही घेऊन बसली होती.

गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी एकेक संशयित तपासायला घेतला. थंडी म्हणावी, तर काचघर उबदार होते. पाणी कमी करून पाहिले, खत बदलून पाहिले. मग उजेडाकडे वळले. झाडांवर कापड ताणून उन्हाचा जोर कमी केला. झाडे जरा फिकी, उंच झाली, पण फुलण्याची तारीख हलली नाही. हा नकारार्थी निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. उजेड मंद असणे आणि उजेड कमी वेळ असणे या झाडाच्या लेखी दोन निराळ्या घटना आहेत, हे त्यातून पहिल्यांदा दिसले. आपण शेतात आजही या दोन गोष्टी एकत्र करतो.

उरली फक्त दिवसाची लांबी. त्या काळी ही कल्पना कोणी गंभीरपणे घ्यावी अशी नव्हती. प्रकाश म्हणजे झाडाचे अन्न, एवढेच शास्त्रज्ञांना माहीत होते. दोन तास अन्न कमी मिळाल्याने झाड फुलेल कसे? फ्रान्समध्ये ज्युलियाँ तूर्न्वा हा तरुण भांग आणि हॉप्स या वनस्पतींवर काम करता करता नेमका इथवर पोहोचला होता. आपली झाडे लवकर फुलली ती रात्र लांबली म्हणून, असे त्याने १९१४ मध्ये लिहिले. त्याच वर्षी तो युद्धावर गेला आणि मारला गेला. हातात आलेला शोध तसाच राहिला.

आर्लिंग्टनला लाकडी फळ्यांची एक लहानशी खोपी ठोकली गेली. दार घट्ट, आत हवा खेळेल पण उजेडाचा किरण येणार नाही अशी. १० जुलै १९१८ रोजी दुपारी चार वाजता मेरीलँड मॅमथच्या तीन कुंड्या आणि सोयाबीनची एक पेटी उचलून त्या खोपीत ठेवली आणि दार लावले. बाहेर लख्ख ऊन होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दार उघडून सगळे बाहेर काढले. चारला पुन्हा आत. रोज सात तास दिवस, सतरा तास रात्र. भर जुलैत त्या दोघांनी झाडांसाठी डिसेंबर तयार केला होता. आणि मॅमथ फुलला. खोपीबाहेर उभे असलेले त्याचे भाऊबंद कळीशिवाय वाढतच राहिले.

पुढच्या वर्षी खोपीची जागा मोठ्या अंधारघराने घेतली. रुळांवर गाड्या घातल्या, त्यांवर कुंड्या ठेवल्या आणि ठरल्या वेळी गाड्या आत-बाहेर ढकलू लागले. बाहेर साडेतीन महिने घेणारे बिलॉक्सी आखूड दिवसात महिन्याभरात फुलू लागले. १९२० च्या मार्चमध्ये त्यांचा लेख छापून आला. झाड दिवसाची लांबी मोजते, हे त्यानंतर कोणाला नाकारता आले नाही.

त्या लेखाचा वाशिमशी थेट संबंध आहे. वाशिम २० अंश उत्तर अक्षांशावर. जूनमधला सगळ्यात मोठा दिवस इथे जेमतेम सव्वातेरा तासांचा. आर्लिंग्टनला तोच पंधरा तासांना टेकतो. आयोवा किंवा मिनेसोटा या अमेरिकेच्या उत्तर भागातले सोयाबीन इथे आणून पेरले, तर त्याला पहिल्या दिवसापासून शरद ऋतूच वाटणार आणि ते वीतभर उंचीवरच फुलणार. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पंतनगर आणि जबलपूर येथे सोयाबीनचे प्रयोग सुरू झाले. तेव्हा इथे तग धरली ती ब्रॅग आणि ली यांसारख्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या वाणांनी, कारण त्यांना आखूड दिवसाची सवय होती. त्यानंतर पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आताच्या आघारकर संशोधन संस्थेने, मॅक्सची वाणे दिली. जबलपूरहून १९९४ मध्ये जेएस ३३५ आले आणि विदर्भाचा पेराच बदलून गेला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने मिळून विदर्भासाठी टीएएमएस ३८ काढले. उशिरा पेरलेले सोयाबीन का खुजे राहते, याचेही उत्तर इथेच मिळते. जुलै सरत आला की दिवस उतरणीला लागलेला असतो. झाडाला वाढायला जे आठवडे मिळायचे ते आपण आधीच घालवलेले असतात.

पण दिवस मोजतो कोण? झाडात घड्याळ कुठे आहे?

१९३८ मध्ये शिकागो विद्यापीठात कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी आपल्याकडे पडीक रानात माजणाऱ्या शंकेश्वराच्या झाडावर एक उलटा प्रयोग केला. दिवसा काही काळ अंधार करून पाहिला, झाडाला त्याचे काहीच वाटले नाही. मग लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे दिवा लावला. फुले येणे बंद झाले. म्हणजे झाड दिवस मोजतच नव्हते, ते अखंड अंधार मोजत होते. अमेरिकेत पथदिव्याखालचे सोयाबीन बाकी शेत पिवळे पडल्यावरही हिरवेच राहते ते याच कारणाने. समृद्धी महामार्गाच्या उजळलेल्या जोडरस्त्यालगत ज्यांचे शेत आहे त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरात धुऱ्याकडची झाडे जरूर तपासावीत.

त्या मध्यरात्रीच्या दिव्याने पुढचा दरवाजा उघडला. मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल येथे हॅरी बोर्थविक हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि स्टर्लिंग हेन्ड्रिक्स हा रसायनशास्त्रज्ञ एकत्र आले. त्यांचा प्रश्न साधा होता: रात्र मोडायला कोणता रंग लागतो? ज्या रंगाने रात्र मोडते तो रंग झाडातले काहीतरी शोषून घेत असणार. म्हणजे रंग सापडला की त्या अज्ञात द्रव्याचा ठावठिकाणा लागेल.

यासाठी त्यांनी मोठा वर्णपटमापक उभारला. सिनेमागृहातल्या यंत्राला असतो तसा प्रखर कार्बन आर्क दिवा, मोठे लोलक आणि अंधारी खोली. दिव्याचा झोत लोलकातून गेला की समोर माणसाच्या उंचीएवढा रुंद रंगीत पट्टा पडे. एका टोकाला जांभळा, दुसऱ्या टोकाला लाल. प्रयोगाचे झाड पुन्हा बिलॉक्सी सोयाबीनच. आणि इथे त्यांनी जे केले ते डोळ्यांपुढे आणण्यासारखे आहे. रोपाची सगळी पाने खुडून टाकायची. एकच त्रिदल ठेवायचे, त्यातलीही दोन दले काढायची. उरले एक दल. मध्यरात्री ही एकदली रोपे अंधारातून आणून ते दल रंगीत पट्ट्याच्या ठरलेल्या जागी सपाट धरायचे. कोणाला निळ्यात, कोणाला हिरव्यात, कोणाला पिवळ्यात, कोणाला लालमध्ये. थोडा वेळ उजेड, मग परत अंधार. असे काही रात्री. नंतर रोपाचा शेंडा सूक्ष्मदर्शकाखाली उकलून कळीचा अंकुर धरला की नाही ते पाहायचे. कळी डोळ्याला दिसण्याची वाट पाहायला त्यांना सवड नव्हती.

उत्तर स्वच्छ आले. रात्र मोडण्यात लाल रंग सगळ्यांत प्रभावी. हिरवा जवळजवळ निकामी. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल उजेड अगदी थोडा पुरे होई.

१९५२ मध्ये त्यांनी ईबेन आणि व्हिव्हियन टूल या बियाणेतज्ज्ञ दांपत्याबरोबर सॅलडच्या पानांच्या लेट्यूसचे बी घेतले. हे बी अंधारात नीट उगवत नाही, लाल उजेड मिळाला की उगवते. त्यावर लगेच गडद लाल उजेड टाकला, म्हणजे लालच्याही पलीकडचा, ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा आणि डोळ्याला जेमतेम दिसणारा, तर उगवण थांबते. पुन्हा लाल दिला तर पुन्हा उगवते. लाल, गडद लाल, लाल, गडद लाल अशी कितीही वेळा अदलाबदल केली तरी बी शेवटच्या झोताचेच ऐके. एकच द्रव्य दोन रूपांत येते-जाते, असा अंदाज त्यांनी बांधला. द्रव्य मात्र कोणी पाहिले नव्हते, आणि जे दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा, असे म्हणणारे पुष्कळ होते. १९५९ मध्ये वॉरन बटलर आणि कार्ल नॉरिस यांनी त्यासाठी खास उपकरण जुळवले आणि अंधारात वाढवलेल्या मक्याच्या कोंबांवर लाल व गडद लाल झोत आलटून-पालटून टाकले. उपकरणाने दरवेळी फरक नोंदवला. द्रव्य खरे होते. त्याला फायटोक्रोम म्हणतात.

आता झडीतल्या सोयाबीनकडे वळू. हिरवे पान लाल उजेड पिऊन टाकते, कारण अन्न बनवायला तो लागतो. गडद लाल मात्र ते बहुतांशी आरपार जाऊ देते किंवा परत फेकते. म्हणून मोकळ्या उन्हात लाल आणि गडद लाल साधारण सारखेच असतात, पण दुसऱ्या झाडाच्या पानाखाली लाल संपलेला आणि गडद लाल शिल्लक. फायटोक्रोमला हे प्रमाण लगेच कळते. त्यावरून झाडाला समजते की डोक्यावर ढग नाही, शेजारी आहे. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये डेव्हिड मॉर्गन आणि हॅरी स्मिथ यांनी चाकवताच्या झाडावर हे मोजून दाखवले: गडद लालचे प्रमाण जेवढे वाढवावे तेवढे खोड ताणत जाते. झाड आपली शक्ती उंचीवर घालवते. फांद्या, मुळे आणि शेंगा मागे पडतात.

मला या सगळ्या कहाणीत सर्वांत थक्क करणारा वाटतो तो अर्जेंटिनातला प्रयोग. कार्लोस बाल्यारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की रोपे एकमेकांवर सावली धरण्याइतकी मोठी होण्याआधीच उंच व्हायला लागतात. सावली नसताना त्यांना शेजारी कळतो कसा? त्यांना वाटले, शेजारच्या पानावरून उलटून आलेला गडद लाल उजेड खोडावर आडवा पडत असेल. मग त्यांनी धोतऱ्याच्या आणि मोहरीच्या जातीच्या रोपांच्या खोडाभोवती दुहेरी भिंतीची पारदर्शक कडी बसवली आणि तिच्यात मोरचुदाचे द्रावण भरले. आपल्याकडे बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तोच निळा मोरचूद. ते द्रावण गडद लाल उजेड अडवते आणि बाकीचा जाऊ देते. दाट गर्दीत उभ्या असूनही त्या रोपांची खोडे ताणली नाहीत. शेजारची, साध्या पाण्याची कडी घातलेली रोपे मात्र उंच होत गेली. हा निष्कर्ष १९९० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

म्हणजे दाट पेरलेल्या सोयाबीनचा निर्णय जुलैतच होऊन गेलेला असतो. पहिल्या डवरणीच्या सुमारास, जमीन अजून उघडी दिसत असताना, रोपाला शेजाऱ्याची चाहूल लागलेली असते. वर ऑगस्टची झड. ढगांमुळे लाल आणि गडद लाल यांचे प्रमाण फारसे बिघडत नाही, पण एकूण उजेडच निम्म्याखाली येतो. ओल भरपूर, उजेड थोडा आणि चहूबाजूंनी शेजारी. अशा वेळी झाडाने उंच होण्याखेरीज दुसरे काही करावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. दोष बियाण्याच्या पिशवीला किंवा टॉनिकच्या बाटलीला लावण्याआधी आपण तासातली झाडे मोजायला हवीत.

तिसरा प्रश्न अगदी अलीकडे सुटू लागला. भाद्रपदात ढग फाटतात आणि दिवसभर ऊन-सावली चालते. पानावर भर ऊन पडते तेव्हा त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त उजेड मिळतो. तो उजेड तसाच आत गेला तर पान करपेल, म्हणून ते जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकते. हे संरक्षण काही क्षणांत सुरू होते. पण ढग आला, किंवा वरचे पान हलून सावली पडली, तर ते बंद व्हायला कित्येक मिनिटे लागतात. तेवढा वेळ उजेड आधीच कमी आणि त्यातलाही काही पान फेकून देत असते. इलिनॉय विद्यापीठातले स्टीफन लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये संगणकावर गणित मांडून दाखवले की या दिरंगाईमुळे पिकाची दिवसभराची कमाई साधारण १३ पासून ३० टक्क्यांपर्यंत बुडू शकते.

हे संरक्षण चालवणारे भाग कोणते, हे बर्कलीच्या कृष्ण नियोगी यांनी मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या तणावर वर्षानुवर्षे काम करून शोधले होते. लाँग आणि नियोगी एकत्र आले. त्या तणातली तीन जनुके त्यांनी पिकात घातली, म्हणजे संरक्षण लवकर चढेल आणि सावली येताच लवकर उतरेल. पहिला प्रयोग तंबाखूवर, कारण त्यात जनुके घालणे सोपे. २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आले: शेतातल्या झाडांचे वजन सुमारे १५ ते २० टक्क्यांनी वाढले. मग सोयाबीन. आर्लिंग्टनच्या खोपीत एकत्र ठेवलेली तीच दोन झाडे, शंभर वर्षांनी पुन्हा. ऑगस्ट २०२२ मध्ये अमांडा डिसूझा आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले की जनुके घातलेल्या आठ वंशओळींपैकी पाचांत दाण्याचे उत्पादन सरासरी २४.५ टक्के वाढले, एकीत तर ३३ टक्के. दाण्यातली प्रथिने आणि तेल जवळपास तसेच राहिले.

पण याच लेखातली दुसऱ्या वर्षाची नोंद वाशिमच्या माणसाने अधिक बारकाईने वाचावी. २०२१ च्या हंगामात ते पीक लवकर लोळले. झाडे एकमेकांवर पडली, पानांवर पाने आली आणि उत्पादनात काहीच वाढ दिसली नाही. जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांनी घडवलेले पान खोडाने साथ सोडल्यावर हरले. हे त्यांनी लपवले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

हे बियाणे आपल्याकडे येण्याचा प्रश्न आज नाही. जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. तसे व्यापारी पीक इथे एक बीटी कापूसच आहे. त्याची वाट पाहत बसण्याचे कारणही नाही, कारण पहिल्या दोन शोधांचा उपयोग करून घ्यायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

कमी उजेडात कसे जगावे हे आपल्या शेतातली तूर दरवर्षी करून दाखवते. सोयाबीनच्या काही तासांनंतर तुरीचे एक-दोन तास, ही इथली जुनी पद्धत. ऑगस्टात तिथे जाऊन पाहिले तर तुरीचे रोप सोयाबीनच्या सावलीत काटकुळे उभे असते. पाने विरळ, फांदी जवळजवळ नाही. घाई मात्र तिला नसते. रात्री पुरेशा लांबेपर्यंत तिला फुलायचेच नसते. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी होते, रान एकदम उघडे पडते आणि पंधरा दिवसांत तीच तूर दोन्ही बाजूंना पसरते. दोन पिकांनी उजेडाचा वेळ वाटून घेतलेला असतो. तुरीचे तास सोयाबीनमध्ये हवा आणि आडवा उजेडही खेळवतात, हा फायदा वेगळाच. नुसते सोयाबीन सलग पेरून तूर सोडून देणाऱ्यांनी याचा फेरविचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृषी विद्यापीठांची शिफारस जुनीच आहे आणि ती या शंभर वर्षांच्या शोधांशी तंतोतंत जुळते. दोन तासांत ४५ सेंटिमीटर, दोन झाडांत ५ सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी साधारण साडेचार लाख झाडे. उगवणशक्ती ७० टक्के असेल तर त्याला एकरी ३० किलो बियाणे पुरते. पाऊस दगा देईल या भीतीने आपण त्याहून किती तरी जास्त टाकतो, आणि पाऊस चांगला झाला की तीच भीती शेतात उंच वाढून उभी राहते. रुंद वरंबा-सरीवर पेरले तर बियाणे आणखी वाचते, झडीचे पाणी सरीतून निघून जाते आणि प्रत्येक वरंब्याच्या काठाला उजेड मिळतो. ज्यांच्याकडे ते यंत्र नाही त्यांनी पेरणीयंत्राचा एक दाता बंद करून पट्टापेर करावी. काठाचे तास आतल्या तासांपेक्षा नेहमी जास्त का लगडते, याचे कारण आता वेगळे सांगायला नको.

येत्या खरिपात निदान एका एकरावर हे करून पाहा. बियाण्याची उगवण घरीच गोणपाटात तपासा. ओल पुरेशी झाल्यावर जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी उरका. एकरी ३० किलोच्या वर जाऊ नका आणि मधे तुरीचे तास ठेवा. ऑगस्टात झड लागली की दाट रानातली दहा झाडे आणि या एकरातली दहा झाडे उपटून धुऱ्यावर शेजारी मांडा, पेरांमधले अंतर पट्टीने मोजा, शेंगा मोजा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. ती वही घेऊन रिसोड तालुक्यातल्या करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात जा आणि तिथल्या शास्त्रज्ञांसमोर ठेवा.